टॉलरन्स

पाषाणला आमच्या तळघरात सर्व्हर रात्रभर जागा,
एसी अठरावर, आणि मी शाल लपेटून
दोन फायली पुन्हा पुन्हा उघडते.
के-एकेचाळीस. के-बेचाळीस.
नावं लावायची नाहीत असा नियम आहे.
पण शिर शोधताना दोघींचे हात मीच धरले होते.

रेवती, रोहिणी.
रास्ता पेठेत वीस मिनिटांच्या अंतरानं जन्मल्या,
एकाच पेशीच्या दोघी.
शाळेत मार एकीला बसायचा, रडायची दुसरी.
तीनशे कोटी अक्षरं ताडून पाहिली,
हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच फरक.
आजोबांकडून आलेलं साखरेचं ते कलतं अक्षरसुद्धा
दोघींत त्याच जागी.

तरी मॉडेल म्हणतं,
आई साठ, मावशी एकाहत्तर.
पेन्शनच्या कागदावर दोघी चौसष्ट.

"मोठी तर मी," आई म्हणाली, जरा दुखावूनच.

रविवारी भोसरीला गेलो.
मावशीनं पोहे केले, फरसाण वेगळं ठेवलं,
आणि मी सांगत बसले:
अक्षरांवर बारीक ठिपके असतात गं.
वयाबरोबर कुठे चढतात, कुठे उडून जातात.
अक्षर तेच राहतं,
फक्त ते वाचायचं की गाळायचं, हे पेशीला कळतं.
मशीन त्यातले काही शे ठिपके बघतं
आणि वय सांगतं.

"म्हणजे माझंच काम की!"
एकतीस वर्षं ती इन्स्पेक्शनच्या टेबलावर होती.
हातात व्हर्नियर, पास झालेल्या पार्टवर पिवळा ठिपका,
नापासावर लाल,
आणि चुकलेला ठिपका पुसायला थिनरची बाटली.
चष्मा कपाळावर सरकवून तिनं विचारलं,
"टॉलरन्स किती?"

अधिक-उणे चार वर्षं.

"चार वर्षं!
अगं, दोन शतांश मिलिमीटरसाठी मी अख्खा लॉट परत पाठवलाय,
साहेब दारात उभा असताना.
आणि मास्टर गेज कुठलं तुमचं? ताडलंस कशाशी?"

पोहे गार होत होते.
हे घड्याळ ज्या रक्तावर मोजायला शिकलं
ते दूरच्या, थंड गावांचं.
त्यात भोसरी नव्हती. पहिली पाळी नव्हती,
पहाटे चारला उठून दोन डबे भरणं नव्हतं.
तेवढं सांगितलं मी.
ती म्हणाली, "खोटं नाही म्हणत तुला. गुडघेही तेच सांगतात.
पण गेली कुठे ती वर्षं, ते दाखव की."

कुठे, हे मशीन सांगत नाही.
एक जागा मात्र आहे, मी म्हटलं, आणि म्हणून बसले खरी:
तिथले ठिपके उडालेत,
विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचे उडतात तसे.

मावशीनं तंबाखूला कधी बोट लावलं नाही.

आईनं बशी खाली ठेवली.
भिंतीवर काकांचा फोटो, हार प्लॅस्टिकचा, धुतलेला.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग मावशीच, खिडकीकडे बघत:
"तेव्हा एकच खोली होती. गॅलरी नंतर झाली."

मला म्हणायचं होतं, हा पुरावा नाही.
दोन माणसांवरून काही ठरत नाही,
भोसरीची हवा आहे, थिनर आहे,
किंवा नुसता योगायोग.
सगळं खरं होतं ते.
पण पोह्यांच्या बशांमध्ये ते मांडायला जागा नव्हती.

निघताना तिनं बाही वर केली.
"परत घे रक्त.
एका मापावर मी कधी सही केली नाही."
आई चपला घालता घालता थांबली,
मागे वळली,
आणि बहिणीच्या हाताशेजारी आपला हात ठेवून
नुसती बघत राहिली.

सिरिंज मी आणलीच नव्हती.